पाडव्याचा नारळ

वैभवीची लेक आजोबांना आई म्हणायला लागली, त्याच आठवड्यात वैभवीने कारंज्याच्या दुकानातली नोकरी सोडायचं ठरवलं. सकाळी एसटी धरताना पोर झोपलेली असायची, संध्याकाळी परतावं तर पेंगुळलेली. दिवसभर तिला सांभाळायचे ते वैभवीचे सासरे, जगदेवमामाजी. आता शेलूबाजारात, घराजवळच्याच पतसंस्थेत वैभवीची निवड झाली होती. दुपारी घरी येऊन लेकीला चार घास भरवता आले असते.

"किसनसिंग शेठले सांगू कसं, मामाजी?"

"त्यात काय सांगाचं? पाडव्याले साल सुटते. नारळ ठेवाचा, पाया पडाचं, निंगाचं. जलमभर सालदारकी केली म्या, मले इचार."

शेतातल्या सालगड्याचं वर्ष पाडव्याला संपतं, हे तिने माहेरीही पाहिलेलं. पाडव्याच्या सकाळी किसनसिंगांच्या बियाण्याच्या दुकानात जाऊन तिने गल्ल्यावर नारळ ठेवला. "शेठजी, उद्यापासून येत नाही."

किसनसिंग आधी हसले. "नारळ मालक देते नौकराले, तू मलेच देऊन राह्यली?" मग त्यांचं हसू विरलं. "तू काय सालदार हायेस? कॉम्प्युटरवर बिलं काढनारी बाई तू. नेमनूकपत्रावर सही कोनाची हाये?"

सही तिचीच होती. सोडायचं तर महिनाभर आधी लेखी कळवायचं, असं त्यात होतं. शेठना तिला काढायचं असतं तर त्यांनीही तसंच.

"बांधून ठेवत नाही तुले," शेठ म्हणाले, "पन अशी गेलीस त सोडल्याचं पत्र भेटनार नाही."

त्या पत्राशिवाय पतसंस्था घेणार नव्हती. स्टँडवर उभं राहून तिने तिथल्या व्यवस्थापक निताताईंना फोन लावला. आवाज रडवेला झालेला.

"रडतेस काहून? आजच राजीनामा लिही, तारीख टाक, पोच घे. आमी थांबतो. एका रात्रीत मालक सोडनारी आमाले बी नको, उद्या आमालेच सोडशीन. अन् शेठ राजी असले त लवकर सुटता येते, इचारून पाह्य."

वैभवी तशीच मागे फिरली. शेठनी पोच दिली, नारळ देवाच्या फोटोपुढे ठेवला आणि म्हणाले, "माह्या सुनेले शिकव. तिले जमलं का तू मोकळी."

सून वैजयंती माउसला हात लावायलाही भ्यायची.

"बिल चुकलं त दुकान जळत नाही, ताई. खोडा अन् पुन्हा काढा," वैभवी रोज म्हणायची. मनातून घाई, पण आवाजात ती येऊ द्यायची नाही. लेकीला चालायला शिकवतानाही तिने असंच केलं होतं.

महिना भरायच्या आतच एका सकाळी वैजयंती ओरडली, "निंगालं व माय!" अख्खं बिल तिने एकटीने काढलं होतं. शेठनी पत्रावर सही केली, नारळ पायरीवर फोडला आणि अर्धा वैभवीच्या हातात दिला. "जाय. आता सुटलं तुह्यं साल."

दुपारच्या एसटीने ती घरी आली. खोबरं किसलं, गूळ कालवला, लेकीपुढे घास धरला. लेक आजोबांकडेच पाहत राहिली.

"माह्याकडं काय पाह्यतं?" जगदेवमामाजी म्हणाले. "आई थे हाये."

पोरीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि तोंड उघडलं.