पेशंट नसलेली दोन वर्षं

बारकी एकोणतीस वर्षांची होती आणि उंचीने घरात सगळ्यांच्या वर होती, तरी तीन भावंडांत शेवटची म्हणून तिला बारकीच म्हणत. कान-नाक-घशाच्या एका दवाखान्यात ती सहा वर्षं कानांच्या तपासण्या करत होती. पेशंटला एका लहानशा बंद खोलीत बसवायचं, त्याच्या कानांवर हेडफोन चढवायचे, आपण काचेच्या अलीकडे यंत्रापाशी बसून एकेक आवाज सोडायचा. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. आवाज बारीक करत जायचा. त्याचा एक आलेख निघतो आणि तो डॉक्टरांकडे जातो. कामात तिचा हात बसला होता. कोण खरंच ऐकून बटण दाबतंय आणि कोण अंदाजाने, हे तिला पेशंटच्या खांद्यांवरून कळायचं.

आदल्या वर्षी एक शिंपी तिच्याकडे तीन वेळा आला. तिन्ही वेळा आलेख नॉर्मल निघाला. त्याचं म्हणणं असं की बंद खोलीत सगळं ऐकू येतं, पण दुकानात चार माणसं बोलायला लागली की समोरचं गिऱ्हाईक काय म्हणतंय ते कळत नाही, मापं चुकतात. डॉक्टरांनी वयावर बोट ठेवलं आणि विषय संपवला. तिसऱ्या खेपेला जाताना शिंपी तिला म्हणाला, "तुमचं यंत्र शांत खोलीतलं आहे, ताई. मी शांत खोलीत बसून शिवत नाही." त्यानंतर तो आला नाही. बारकीने त्याच आठवड्यात पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षांचे अर्ज मागवले.

दोन ठिकाणी तिचं नाव लागलं, आणि दोन्ही एकाच शहरात. एक, विद्यापीठातला संशोधनाचा अभ्यासक्रम; तिथल्या विभागप्रमुखांचं पुस्तक वाचूनच ती परीक्षेला बसली होती. दुसरा, एका मोठ्या इस्पितळाला जोडलेला. तिथे पहिल्या दिवसापासून पेशंट बघायचे. दोन्ही दोन-दोन वर्षांचे. सोमवारी संध्याकाळपर्यंत एका जागेला होकार द्यायचा होता, नाहीतर दोन्ही हातच्या जाणार होत्या. बारकीचं घोडं तिथेच अडलं होतं. तिने शुक्रवार-शनिवार रजा टाकली. आई म्हणाली, "कुठे शिकायचं ते तुझं तू ठरव, पण राहायची जागा मामाला दाखवल्याशिवाय घ्यायची नाही."

मामा विजेचे मीटर वाचायच्या नोकरीतून निवृत्त झाला होता. एकतीस वर्षं त्याने लोकांच्या जिन्याखाली आणि दारामागे डोकावण्यात घालवली होती, आणि माणूस कसा आहे ते त्याच्या मीटरपाशी कळतं, असं त्याचं ठाम मत होतं. दिवाणखाना सगळेच आवरतात, तो म्हणायचा.

शुक्रवारी सकाळी दोघं शहरात उतरली, लॉजवर पिशव्या टाकल्या आणि भाड्याच्या खोल्या दाखवणाऱ्या एजंटबाईला भेटायला निघाली. बसमध्ये बारकीला कळलं की मामाने फोनवर एजंटबाईला फक्त विद्यापीठाजवळच्या खोल्या सांगितल्या आहेत.

"माझं अजून ठरलेलं नाही, मामा."

"अगं, विद्यापीठ ते विद्यापीठ. मी सगळ्यांना सांगून बसलोय. आणि इस्पितळाजवळ कशाला राहायचं? तिथे आजारी माणसं राहतात."

एजंटबाई पन्नाशीची होती. हातात किल्ल्यांचा एवढा जुडगा की कुठली कशाची हे तिलाही प्रत्येक दारात नव्याने शोधावं लागायचं. पहिली खोली मोठी आणि उजेडाची होती. बारकी मध्यभागी उभी राहिली आणि डोळे मिटून ऐकत राहिली.

"पलीकडे कोणीतरी नखं कापतंय," ती म्हणाली.

मामाने भिंतीवर टिचकी मारली. भिंत प्लायवुडची होती.

"मुलगा अगदी शांत आहे," एजंटबाई म्हणाली.

दुसऱ्या ठिकाणी घरमालकीण स्वतः दार उघडायला आली. खोली नीटनेटकी, खिडकीला जाळी, नळाला पाणी. दाराच्या आतल्या बाजूला नियमांचा कागद चिकटवलेला होता आणि त्यात पाहुण्यांनी कुठल्या खुर्चीवर बसायचं हेसुद्धा होतं. मामा जिन्याखाली जाऊन आला. मालकिणीसमोर त्याने ताकास तूर लागू दिली नाही, गल्लीच्या टोकाला आल्यावर म्हणाला, "तिचा फ्रिज तुझ्या मीटरवर चालेल. वायर ओढलीय, वर रंग मारलाय. पुढचं घर दाखवा, बाई."

तिसरी खोली दुसऱ्या मजल्यावर होती आणि अजून रिकामी झाली नव्हती. चष्मा लावलेली एक मुलगी जमिनीवर बसून पुस्तकं खोक्यात भरत होती. मामा सवयीने मीटर शोधायला खाली गेला, एजंटबाई फोनवर बोलत जिन्यात थांबली. बारकीने खोक्यातल्या सगळ्यात वरच्या पुस्तकाकडे पाहिलं. ते विभागप्रमुखांचं होतं.

"तू त्यांच्या विभागात आहेस?"

"होते. वर्ष झालं. आता सोडतेय." चष्मेवालीने चिकटपट्टी कचकन ओढून खोकं बंद केलं. "इस्पितळात प्रवेश घेतलाय. इथून दीड तास लागतो, म्हणून खोली सोडतेय. खोली चांगली आहे. खोलीवर राग काढू नकोस."

बारकी तिच्यासमोर बसली. "सर वाईट आहेत का?"

"छे. सर चांगले आहेत. कधी आवाज चढवत नाहीत, वेळेवर भेटतात. पण वर्षभरात मी एक पेशंट पाहिला नाही. संगणकावर गर्दीचे आवाज बनवायचे, त्यात शब्द मिसळायचे, आपल्याच वर्गातल्या मुलांना ऐकवायचे आणि मग आकडेवारी करत बसायचं. मला माणसं बघायची होती. तू काय करतेस?"

"सहा वर्षं माणसंच बघतेय."

"मग तुला तर तिथे कंटाळाच येईल," चष्मेवाली म्हणाली. ती हे आपुलकीने म्हणाली, आणि बारकीला ते खरंही वाटलं. गर्दीचे आवाज म्हणजे नेमके कसले, हे मात्र तिने दोनदा विचारून घेतलं.

मामा वीस मिनिटांनी वर आला. खाली घरमालकाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या. "मीटर स्वतंत्र आहे," त्याने जाहीर केलं. "माणूसही सरळ आहे. पैलवानी करायचा पूर्वी."

दुपारी तीनला सरांनी वेळ दिली होती. त्यांची खोली तळघरात, फायलींनी भरलेली. सर पुस्तकावरच्या फोटोपेक्षा बरेच म्हातारे होते आणि टेबलाच्या खणात ठेवलेली बिस्किटं खात होते. एक त्यांनी तिच्यापुढे केलं.

"तुमचं पुस्तक वाचलंय," बारकी म्हणाली.

"कुठली आवृत्ती? पहिली असेल तर सातवं प्रकरण सोडून द्या. ते चुकलंय." त्यांनी हात झटकले. "नोकरी आहे, काम येतं. मग इथे कशाला यायचंय?"

बारकीने पाठ करून आणलेलं सगळं बाजूला राहिलं आणि तिने शिंप्याचं सांगितलं. सरांनी मध्ये तोंड घातलं नाही.

"तुम्ही रिपोर्टवर काय लिहिलंत?"

"नॉर्मल."

"बरोबर लिहिलंत. ती तपासणी तेवढंच विचारते." त्यांनी खणातून आणखी एक बिस्किट काढलं. "एक गोष्ट आधीच सांगतो, नंतर तक्रार नको. इथे दोन वर्षं पेशंट दिसणार नाही. पहिल्या सहामाहीत आकडेवारी असते, त्यात निम्मे नापास होतात. गेल्याच महिन्यात एक चांगली मुलगी सोडून गेली. आणि सगळं नीट पार पडलं तरी त्या शिंप्याला काय सांगायचं ते तुम्हाला कळेलच, असं नाही. गर्दीतलं ऐकणं तपासायचं कसं, याबद्दल थोडं कळेल. थोडंच."

बाहेर व्हरांड्यात मामा थांबला होता. सर काय म्हणाले ते ऐकून त्याचा चेहरा पडला. "नापास होशील म्हणाला? तोंडावर?"

"निम्मे होतात म्हणाले."

"मग तू कुठल्या निम्म्यात, हे त्याला काय ठाऊक." त्या क्षणापासून मामाच्या मनातून विद्यापीठ उतरलं.

शनिवारी सकाळी दोघं इस्पितळात गेली. तपासणी विभागाबाहेरचे बाक भरून लोक भिंतीला टेकून उभे होते. तिथल्या शिक्षिका बाई ठेंगण्या आणि चपळ होत्या. बारकीने ओळख सांगितल्यावर त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बोलायला वेळ नाही. शेजारी बैस आणि बघ."

बारकी एका विद्यार्थिनीच्या शेजारी बसली. काचेपलीकडे ट्रकचालक होता आणि बटण दणादण दाबत होता. विद्यार्थिनी तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू करत होती.

"त्याला तुझा हात दिसतोय," बारकी हळूच म्हणाली. "हात हलला की तो दाबतो. खुर्ची थोडी वळवून घे."

खुर्ची वळवल्यावर पाच मिनिटांत आलेख निघाला. मग पुढचा पेशंट, मग त्याच्या पुढचा. एका आजोबांचं डाव्या-उजव्याचं गणित जमेना, ते बारकीने काचेवर टकटक करून जमवून दिलं. दोन तास कसे गेले ते तिला कळलं नाही. शिक्षिका बाई मागे येऊन उभ्या होत्या.

"तुला इथे शिकवायचं काय?" त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांत तूच यांना शिकवायला लागशील. सोमवारी कळव. तुझ्यासारखी मला हवीच आहे."

इतकं मोकळं कौतुक बारकीच्या वाट्याला फारसं आलं नव्हतं. तिला छान वाटलं, आणि जिना उतरेपर्यंत छान वाटतच राहिलं. खाली रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की दोन तासांत आपल्याला अडलं असं काहीच झालं नाही. जे जमलं ते सगळं आधीपासून जमत होतं. आदल्या दुपारी तळघरात मात्र सर जे बोलले त्यातलं निम्मं तिच्या डोक्यावरून गेलं होतं, आणि ते निम्मं काय होतं, हे ती रात्रभर आठवत राहिली होती.

एका लहानशा हॉटेलात जेवायला बसल्यावर मामाने सूत्रं हातात घेतली. बाकावर बसून त्याने विभागातल्या निम्म्या पेशंटांची चौकशी केली होती.

"माझं ऐकशील तर इस्पितळ घे. इथे तुला मान आहे. बाई स्वतः म्हणाली, हवीच आहे म्हणून. तिकडे तो बिस्किटवाला तुला आधीच नापास करून बसलाय."

"मी विद्यापीठात जाते, मामा."

मामाने हातातला चमचा खाली ठेवला. "शुक्रवारी बसमध्ये मी काय म्हणत होतो?"

"विद्यापीठच घे म्हणत होतास."

"मग दोन दिवस पायपीट कशासाठी केली आपण?"

"तेव्हा ते तू म्हणत होतास."

मामाने चमचा पुन्हा उचलला. मग त्याने विचारलं, "पेशंट नसले तर चालेल तुला? तिथे आत तुझा चेहरा बघितला मी, दार उघडलं तेव्हा."

"नाही चालणार," बारकी म्हणाली. "दोन वर्षं काढीन कशीतरी."

मामाने एजंटबाईला फोन लावला आणि दुसऱ्या मजल्यावरची खोली ठरवून टाकली. बारकीने लॉजवर जाऊन विद्यापीठाला होकार कळवला, आणि मग इस्पितळातल्या बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला. बारकीला ते लागलं. त्यांना लांबलचक पत्र लिहावं असं तिच्या मनात आलं, पण तिने ते लिहिलं नाही.

रविवारी सकाळी चष्मेवालीचं सामान उतरवायला दोघं गेली. मामा आणि पैलवान घरमालक यांनी खोकी उचलली. कोण जास्त उचलतो यावर दोघांची चढाओढ लागली आणि दोघांनाही दम लागला. चष्मेवालीने पडदा आणि टेबल मागे ठेवलं. टेम्पोत चढताना तिने आकडेवारीचं जाड पुस्तक बारकीच्या हातात दिलं.

"खुणा केल्यात मी. साठाव्या पानापर्यंत आहेत, पुढे कोरं आहे."

"तुला माझा राग नाही आला? तू सोडलंस तिथेच मी चाललेय."

"राग कशाचा? मी तिथे काय शिकले ते विचारायला कोणी येत नव्हतं, तू दोनदा विचारलंस." ती चालकाशेजारी बसली. "वरच्या खिडकीची कडी जरा उचलून लाव. नाहीतर वाजते."

महिन्याभराने अभ्यासक्रम सुरू झाला. वर्गात बारकी वयाने सगळ्यात मोठी होती आणि आकडेवारीत सगळ्यात कच्ची. पहिल्या चाचणीत ती नापास झाली, दुसऱ्या चाचणीत थोडक्यात हुकली. ती सरांकडे गेली नाही. वर्गातल्या एका अबोल मुलीला तिने गाठलं आणि रोज सकाळी वर्ग भरायच्या आधी तासभर तिच्याकडून शिकून घेतलं. पेशंटची सवय सुटायला वेळ लागला. बसमध्ये शेजारी कोणी "काय?" म्हणून डावा कान पुढे केला की ती त्याच्याकडे बघत राहायची आणि तिचा थांबा निघून जायचा. असे काही दिवस गेले की तिला परत जावंसं वाटायचं. ती चष्मेवालीला फोन करायची. चष्मेवाली दिवसभरात किती पेशंट झाले ते सांगायची, तिचे पाय दुखत असायचे आणि ती खुशीत असायची.

सहामाही परीक्षेत आकडेवारीत बारकी काठावर पास झाली. मामाने घरी सगळ्यांना निम्म्यांत आली म्हणून सांगितलं, आणि कुठल्या निम्म्यांत हे कोणी विचारलं तर त्याला पहिल्यापासून सगळी हकीकत ऐकावी लागायची.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला. "दिवसभर करतेस तरी काय तिथे?"

"बाजारात जाऊन गर्दीचा आवाज रेकॉर्ड करते. मग खोलीत बसून तो ऐकते."

"त्यासाठी एवढ्या लांब जायला लागतं?"

बारकी हसली, आणि तिने पहिल्यापासून समजावून सांगायला सुरुवात केली. आई मधूनमधून हं म्हणत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "पण बाजारात माणूस समोरच्याचं तोंडही बघतो, ते तुझ्या त्या आवाजात कुठून येणार?" आणि तो बरोबर प्रश्न होता. बारकीला त्याचं उत्तर येत नव्हतं. "उद्या विचारून सांगते," ती म्हणाली आणि तिने तो वहीत लिहून घेतला.