एकमेकींना टाळणाऱ्या वाटा

लेसरच्या जबरदस्त झोतात सापडलेल्या अणूतला इलेक्ट्रॉन कुठे कुठे जाऊ शकतो, हे संगणकावर मांडणं हे माझं काम. इलेक्ट्रॉनला नुसता धूसर ढग मानून आम्ही थांबत नाही. त्या ढगातून जाणाऱ्या वाटा एकेक करून काढतो. झोत येऊन आदळला की वाऱ्यात केस विस्कटावेत तशा त्या विस्कटतात, काही पार लांब निघून जातात, काही वळून पुन्हा अणूकडे येतात. पण कितीही दाटी झाली तरी दोन वाटा एकाच क्षणी एकाच जागी कधीच येत नाहीत. नियमच आहे तसा. त्या दिवशी पडद्यावर दोन वाटा थेट समोरासमोर आल्या, आता धडकणार म्हणून मी दचकले, तेवढ्यात दोघी अलगद बाजूला वळल्या.

"अबोला दिसतोय दोघींचा," सर मागून म्हणाले. "भेटल्या असत्या तर मात्र तुझी काही खैर नव्हती."

मी हसले आणि लवकर घरी निघाले. ताई त्याच आठवड्यात दूरच्या नोकरीवर कायमची जाणार होती, आणि त्याआधी मला तिच्याशेजारी नुसतं बसायचं होतं. घरी तिचा चहाचा कप अजून गरम होता, ती नव्हती. दुकानात गेली असेल म्हणून मी खाली उतरले, तर आमच्याच खिडकीतून तिची हाक आली. धापा टाकत वर गेले, तर घर रिकामं.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. टॉवेल ओला, दिवा चालू, उशीला खळगा. शेवटी तिचा फोन आला.

"अगं, आहेस कुठे? जायच्या आधी तोंड तरी दाखवशील की नाही?"

"घरीच आहे, ताई. स्वयंपाकघरात."

"काहीतरीच काय! ओट्यापाशी तर मी उभी आहे."

ओट्यापाशी मी उभी होते.

मला घाबरायला निमित्त लागत नाही, असं ताईच नेहमी म्हणते, म्हणून मी स्वतःची समजूत घातली की माझंच काहीतरी चुकत असणार, काय ते मात्र कळेना. एवढं ठरवलं, की जायच्या दिवशी तिच्यासोबत टॅक्सीत बसायचं. गाडीत बसल्यावर कुठे जाईल?

त्या दुपारी खाली आले तेव्हा तिच्या बॅगा डिकीत लागल्या होत्या. मी मागच्या सीटवर बसले. शेजारी कोणी नव्हतं. पलीकडचं दार उघडंच होतं. मी वाट पाहत राहिले, उघड्या दाराकडे डोळे लावून, पापणीसुद्धा न हलवता.

ड्रायव्हरने आरशात पाहिलं, आधी माझ्याकडे, मग माझ्या शेजारी.

"मॅडम, जरा तुमच्या बाजूला सरका ना," तो म्हणाला. "यांना दार लावता येत नाहीये."

मी सरकले.

दार लागलं.