पोटात तवे असलेला ओव्हन

मी एक जुना ओव्हन आहे. डोक्यावर चार शेगड्या, पोटात केक भाजायची जागा आणि पुढे काचेचं दार. ती काच आता इतकी पिवळी पडली आहे की आतलं काहीच दिसत नाही. मित्रांनो, मी इथे रडगाणं गायला बसलेलो नाही, हे आधीच सांगतो. मला भंगारात काढायला निघालेल्यांना मी पुरून उरलो आहे.

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरातल्या एका अरुंद गल्लीत डॉन फेर्मिन यांनी मला बायकोसाठी भेट म्हणून आणलं. डोन्या कासिल्दा, म्हणजे आपल्या कासिल्दाबाई, हरखून गेल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी केक केला. तो खाली करपला, वर कच्चा राहिला, आणि उकाड्याने स्वयंपाकघरात उभं राहवेना. त्यांनी मला पुसलं, थंड होऊ दिलं आणि माझ्या पोटात तवे रचून ठेवले. भट्टी म्हणून जन्मलो आणि कपाट झालो! मला फार लागलं होतं तेव्हा. पण या गल्लीतल्या झाडून सगळ्या ओव्हनांच्या पोटात भांडीच असतात. म्हणून क्वचित पेटवायची वेळ आलीच, तर इथल्या बायका आधी दार उघडून आतला संसार बाहेर काढतात. हे कुणाला शिकवावं लागत नाही.

डॉन फेर्मिन गेले. त्यानंतर कासिल्दाबाईंची नजर अंधुक होत गेली. त्यांनी हे कुणालाच कळू दिलं नाही. मला मात्र ठाऊक होतं, कारण त्यांचा हात माझ्या पोटात चाचपडत यायचा. तळाला मक्याच्या पोळ्यांचा मोठा तवा, त्यावर उतरत्या आकाराच्या कढया, उजवीकडे उभी झाकणं, डावीकडे पोळ्या ऊबदार ठेवायचा प्लास्टिकचा डबा. शेजारणीशी गप्पा मारता मारता हात आत जायचा आणि हवी तीच वस्तू घेऊन बाहेर यायचा. त्या घरात त्या एकट्या राहू शकत होत्या, त्या या मांडणीच्या जोरावर. मग मला कपाट असण्याची लाज कशाला वाटेल?

एके दिवशी त्यांची मुलगी नायेली कॅनडाहून आली. बरीच वर्षं ती तिकडेच होती. सोबत तिने इथल्याच, पुएब्लातल्या रेनाताला आणलं. लोकांची घरं नीटनेटकी लावून देणं हा रेनाताचा व्यवसाय.

"आई, हा काय पसारा गं! ओव्हनमध्ये भांडी?"

"मग कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

"तू एकटी कशी राहणार अशी? जमत नसेल तर सरळ चल माझ्याबरोबर."

"कुठे? त्या बर्फात? त्यापेक्षा मला तव्यावर भाज."

रेनाता मन लावून काम करणारी होती. तिने सगळी भांडी नव्या कपाटात लावली, खणाखणावर सुबक चिठ्ठ्या चिकटवल्या. दिसायला देखणं झालं होतं, हे मी मान्य करतो. मला उद्या भंगारवाल्याला द्यायचं ठरलं. मग दोघी टोपल्या आणायला बाजारात गेल्या.

कासिल्दाबाई तवा शोधू लागल्या. एकेक खण उघडला, चिठ्ठ्यांवरून बोटं फिरवली. कागद तो, गुळगुळीत. स्वतःच्या स्वयंपाकघरात त्या पाहुण्यासारख्या उभ्या राहिल्या. मला इतका संताप आला की पेटता आलं असतं तर आपोआप पेटलो असतो. त्या खुर्चीत बसल्या, डोळे पुसले आणि ताडकन उठल्या. कपाट रिकामं करून सगळी भांडी पुन्हा माझ्या पोटात रचली, अगदी जशीच्या तशी. कपाटाची दारं लावली आणि अंगणात झाडांना पाणी घालायला गेल्या.

नायेली परतली तीच उत्साहात. "हा उद्या जाणारच आहे. जाता जाता आईसाठी एक केक करूया यात." तिने खटका फिरवला, खालच्या भोकातून काडी लावली आणि केकचं पीठ फेटायला घेतलं. दार उघडून बघितलंच नाही.

थोड्याच वेळात प्लास्टिकच्या धुराने घर भरलं.

"अगं, उघडून नाही बघितलंस?" रेनाता ओरडली.

"आपणच रिकामा केला ना सकाळी!"

"म्हणून काय झालं? पेटवायच्या आधी उघडतातच! माझ्या घरच्या ओव्हनमध्येसुद्धा तवे आहेत!"

"काय सांगतेस?" अंगणातून धावत आलेल्या कासिल्दाबाई म्हणाल्या. "आणि माझ्याकडे चिठ्ठ्या चिकटवत होतीस होय!"

त्यांनी अचूक खटका बंद केला, जाड फडकं घेतलं आणि भांडी काढायला लागल्या. "ही लहान कढई. ही मधली. हे डाळीच्या भांड्याचं झाकण." प्रत्येक वस्तूचं नाव हात लागण्याआधी. तोंड मात्र खिडकीकडे होतं. नायेली बघतच राहिली.

"आई, तुला दिसत नाही?"

"नीट दिसत नाही." पहिल्यांदाच त्यांनी हे कबूल केलं. "पण माझं सगळं मला सापडतं. तू लावलेल्या घरात मी आंधळी झाले, पोरी. माझ्या घरात मी आंधळी नाही. एकटी कशी राहणार, विचारत होतीस ना? अशी राहणार."

नायेली आईच्या गळ्यात पडून रडली. रेनाताने चिठ्ठ्या एकेक करून सोलून काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याची गाडी भोंग्यावरून पुकारा करत आली. कासिल्दाबाई हातात तवा घेऊन दारात उभ्या राहिल्या. "इथे भंगार नाही. पुढे जा!" आत नायेली डोळे मिटून माझ्यासमोर बसली होती. एक हात माझ्या पोटात घालून ती कढया मोजत होती आणि चुकत होती.

वितळलेल्या डब्याचा डाग माझ्या तळाला अजून आहे. घासून निघत नाही, आणि निघूही नये. मित्रांनो, घर जरूर नीट ठेवा. पण कुणाचं घर आवरायला घेण्याआधी, त्यात रोज कुणाचे हात फिरतात ते विचारा. आणि माझ्यासारख्याला पेटवायचंच झालं, तर आधी दार उघडून बघा.