काऊबॉयचा दाखला

संध्याच्या नवऱ्याने आयुष्यात कधी गाय पाळली नव्हती. घोड्यावर तो एकदाच बसला होता, माथेरानला, आणि उतरताना त्याला दोघांनी धरलं होतं. तरीही वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो काऊबॉयची गाणी लिहायला लागला. नुसती लिहून थांबला असता तर संध्याने तेही पोटात घातलं असतं, पण तो ती गायचासुद्धा.

बंगळुरातल्या बनशंकरीत, तिसऱ्या मजल्यावर, मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनला पाठ टेकून पुरुषोत्तम खळदकर उजाड माळरानांबद्दल, थकलेल्या घोड्यांबद्दल आणि दूर कुठल्या गावात मागे राहिलेल्या मुलीबद्दल इंग्रजीत गायचा. ही मुलगी कोण, असं संध्याने एकदा विचारलं होतं. ती काल्पनिक आहे, असं तो म्हणाला, आणि संध्याचा त्यावर ताबडतोब विश्वास बसला. या गाण्यांना वेस्टर्न स्विंग म्हणतात, हे तिला इतक्या वेळा ऐकावं लागलं होतं की आता तीच पाहुण्यांना समजावून सांगायची: गुराख्यांचीच गाणी, पण पाय थिरकायला लावणारी, सोबत व्हायोलिन, आणि मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची गिटार. कांडी त्याने पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडून कातून घेतली होती. सगळ्या सरंजामात तेवढीच एक गोष्ट अस्सल होती. व्हायोलिन वाजवायला तनय यायचा. तो नागपूरचा, पुरुषोत्तमच्या हाताखाली काम करणारा. त्याचं अप्रेझल एप्रिलमध्ये होतं, त्यामुळे निदान मार्चपर्यंत त्याला प्रत्येक गाणं आवडत होतं.

अशात पुरुषोत्तमला टेक्सासमधलं एक छोटंसं इंटरनेट रेडिओ केंद्र सापडलं. दर शनिवारी संध्याकाळी तिथे तासभर नव्या गाण्यांचा कार्यक्रम असायचा. अटी दोनच: गाणं स्वतःचं हवं, आणि गाणारा खरोखर गुरांमागे राबणारा हवा. पुरावा म्हणून मालकाचं पत्र जोडायचं.

दुसरा कुणी असता तर ही अट वाचून गप्प बसला असता. पण पुरुषोत्तमची बावीस वर्षं आयटीत गेली होती. अनुभव म्हणजे लेटरहेडवरचा कागद, खाली सही आणि शिक्का, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. नोकरीला आलेल्या पोरांची खोटी अनुभवपत्रं पकडण्यात त्याचा हातखंडा होता आणि तो ते किस्से जेवताना रंगवून सांगायचा. स्वतःसाठी मात्र त्याने शनिवारी सकाळी गाडी काढली आणि दुभाषी म्हणून संध्याला शेजारी बसवलं. अकरा वर्षं बंगळुरात राहून त्याला कन्नडचे दोनच शब्द येत होते, स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे बरं, आणि तेवढ्यावर आपलं छान चालतं असा त्याचा समज होता. छान चालायचं, कारण बाकीचं सगळं संध्या बोलायची.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याच्या पुढे कावेरीअक्कांचा गोठा होता. बावीस गाई, दोन गडी आणि स्वतः अक्का. दुभाष्याची गरज पडलीच नाही. अक्का सीमाभागातल्या चिकोडीकडच्या, मराठीत ऐकून घेत आणि मराठीतच फटकारत.

"पत्र कसलं ओ साहेब?"

"रँच हँड म्हणून. म्हणजे मी तुमच्याकडे गुरांचं काम करतो, असं."

"करतासा काय?"

"तसं नाही, पण फॉर्मॅट मी आणलाय. तुम्ही फक्त सही आणि शिक्का..."

"काम न करता लिहून देऊ?" अक्कांनी हातातली पाटी खाली ठेवली. "शेण काढा, वैरण घाला, धार काढायला शिका. जमलं तर जमलं म्हणून लिहिते. न्हाई जमलं तर तसं लिहिते. सरी?"

"सरी," पुरुषोत्तम म्हणाला. संध्याला ही बाई तिथल्या तिथे आवडून गेली.

पहिल्या दिवशी तो टाचांचे बूट घालून गेला आणि शेणात दोनदा बसला. दुसऱ्या दिवशी साधी रबरी चप्पल घेऊन गेला, पण सोबत गिटारही नेली. गाई संगीताला प्रतिसाद देतात, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. प्रतिसाद मिळाला. गौरी नावाच्या गाईने दुसऱ्या कडव्यापर्यंत वाट पाहिली आणि मग पान्हा चोरला. "साहेब, पयलं ते थांबवा," अक्का पलीकडून ओरडल्या. "सकाळचं दूध कमी भरलं तर डेअरीला काय सांगू, गाणं झालं म्हणून?" हा प्रसंग संध्याने महाराष्ट्र मंडळात इतक्या वेळा सांगितला की बायका तो तिच्याकडून मागून घ्यायला लागल्या.

हसण्याचे दिवस दोन महिने टिकले. मग संध्याच्या लक्षात आलं की गिटार बाल्कनीतच राहते आहे. पुरुषोत्तम शनिवार-रविवारसोबत बुधवारीही जाऊ लागला होता. ऑफिसात तब्येतीचं कारण सांगून जायचा, आणि तब्येत तर त्याची कधी नव्हती इतकी चांगली होती. तो वेळेवर झोपायचा. मीटिंगमध्ये पूर्वी चढायचा तो आवाज आता चढत नव्हता. सोसायटीतल्या शेजाऱ्यांची नावं त्याला अजूनही येत नव्हती, पण बावीस गाईंची नावं तो आईच्या वंशासकट सांगायचा. एका रात्री जेवताना तो सहज म्हणाला, "येलहंक्याला घरं बरी मिळतात म्हणे."

संध्याने हातातला घास ताटात परत ठेवला.

ती असल्या सहजपणाला ओळखून होती. चिंचवडहून हैदराबाद असंच सहज झालं होतं, हैदराबादहून नोएडा असंच, आणि नोएडाहून इथे. प्रत्येक वेळी त्याचं ठरायचं आणि तिला कळायचं. तिने तीनदा नोकरी सोडली होती आणि तीनदा खोकी बांधली होती. इथे आल्यावर तिने मनाशी शपथ घेतली होती की आता बस्स. ती संध्याकाळच्या वर्गाला जाऊन कन्नड शिकली, शाळेत ग्रंथपाल झाली. देवळाजवळची फुलवाली तिला अक्का म्हणू लागली, त्या दिवशी तिला प्रमोशन मिळाल्यासारखं वाटलं होतं. आणि बनशंकरीहून येलहंक्याला राहायला जाणं म्हणजे गाव बदलणंच. मधल्या ट्रॅफिकमध्ये माणसाची सकाळची दुपार होते. नवऱ्याने काऊबॉयचं सोंग घ्यायला तिची हरकत नव्हती. सोंग उतरवता येतं. हा माणूस खरंच गुराखी होईल, ही भीती मात्र तिला आता रोज वाटत होती.

चार महिन्यांनी दाखला मिळाला. डेअरीच्या शिक्क्यासह, अक्कांच्या अक्षरात, कन्नडमध्ये. चिकोडीला त्यांची शाळा कन्नड होती. पुरुषोत्तमने तो दोन्ही हातांनी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"वाच ना. काय लिहिलंय?"

संध्याने वाचलं. पुरुषोत्तम खळदकर हा इसम एकोणचाळीस दिवस आला. पहिले आठ दिवस त्याचा उपयोग नव्हता, उलट त्रास झाला. गातो तेव्हा गाई दूध देत नाहीत. याची तीनदा खात्री करून घेतली आहे. घड्याळात फार बघतो. बोलतो फार, पण आता कमी. इथपर्यंत संध्याला हसू आवरेना. मग शेवटची ओळ आली. ती तिने दोनदा वाचली. तुंगा गाईचं वासरू आडवं आलं त्या रात्री हा माणूस पाच तास हटला नाही, वासरू आणि गाय दोन्ही जगली, गाणं सोडलं तर कामाचा माणूस आहे, आणि रोज येणार असेल तर मी त्याला कायमचा ठेवून घेईन.

"हसतेस काय? काही चुकीचं लिहिलंय का?"

"नाही रे," संध्या म्हणाली. "तू एकोणचाळीस दिवस काम केलंस, असं लिहिलंय. ठीक आहे सगळं."

हे काही खोटं नव्हे, असं तिने स्वतःला बजावलं. बाकीचं त्याला स्वतः वाचता आलं असतं. अकरा वर्षं कुणी त्याचा हात धरला नव्हता. आणि अमेरिकेत कन्नड कोण वाचायला बसलंय? ते शिक्का बघतील आणि फाईल करतील. पुरुषोत्तमने दाखल्याचा फोटो काढला, गाण्यासोबत पाठवला आणि तिला कॉफी करून दिली. ती कॉफी तिला गोड लागली नाही. तरी तिने ती संपवली.

पाच आठवड्यांनी मेल आली. गाणं लागणार होतं. टेक्सासची शनिवारची संध्याकाळ म्हणजे इकडची रविवारची सकाळ, त्यामुळे सात वाजता खळदकरांच्या हॉलमध्ये मंडळाची चौदा माणसं शिरा-उपमा घेऊन बसली. तनय नवा शर्ट घालून आला होता. पुरुषोत्तमने स्पीकर लावला आणि खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून उभा राहिला.

निवेदक खर्जातल्या आवाजाचा म्हातारा होता. बंगळूरहून आलेलं पत्र बघून आपण चक्रावलो, तो म्हणाला. पण इथल्या कॉलेजात म्हैसूरच्या एक बाई शिकवतात, त्यांनी ते इंग्रजीत करून दिलं. वीस वर्षांत मालकाचं इतकं खरं पत्र आपल्याकडे आलं नाही, म्हणून आधी ते वाचतो, मग गाणं.

स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी संध्याच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला.

म्हाताऱ्याने सावकाश, चवीने वाचलं. पहिले आठ दिवस उपयोग नव्हता, यावर हॉलमध्ये हशा पिकला. गाई दूध देत नाहीत, यावर तर एका काकांना ठसका लागला आणि त्यांच्या बायकोला त्यांच्या पाठीत बुक्के मारावे लागले. तनय हसू नये म्हणून छताकडे बघत होता. पुरुषोत्तमचे कान लाल झाले, पण तोही थोडा हसला. मग शेवटची ओळ आली. पाच तास. गाय आणि वासरू. कामाचा माणूस. कायमचा ठेवून घेईन.

कुणी हसलं नाही. पुरुषोत्तमने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला. बावीस वर्षं तो अप्रेझलमध्ये माणसांना पाचपैकी तीन गुण देत आला होता आणि त्यालाही वरून तेवढेच मिळत आले होते. कामाचा माणूस असं त्याला कुणीच म्हटलं नव्हतं. संध्यानेही नाही, आणि हे तिला त्याच क्षणी कळलं.

गाणं सुरू झालं. तनयचं व्हायोलिन उसळत आलं, मागून गिटारची कांडी घसरली, आणि चौदा माणसं मान हलवायला लागली. पुरुषोत्तम स्वयंपाकघरात आला.

"तू वाचलं होतंस."

"हो."

"शेवटची ओळपण?"

"तीपण."

"मग?"

संध्याला वेगवेगळ्या चार भाषांत भांडता यायचं, पण आत्ता तिने त्यातली एकही काढली नाही. जे होतं तेच ती म्हणाली. "मला भीती वाटली. तू गेला असतास. आणि मला पुन्हा खोकी बांधायची नव्हती, पुरुषोत्तम. मी दमलेय रे."

त्याने मान डोलावली. तो चिडला नव्हता, आणि त्यामुळे तिला जास्त धास्ती वाटली.

"तीन वेळा तुला न विचारता नेलं," तो म्हणाला. "अक्का कधी कायमचा ये म्हणाल्या असत्या, तर पहिलं तुलाच विचारायचं असं मी ठरवून ठेवलं होतं. तू नको म्हणाली असतीस, तर राहिलो असतो इथेच."

"मग विचार की आता."

पुरुषोत्तमने खिशातून फोन काढला आणि अक्कांचा नंबर शोधला.

"आता नाही विचारत," तो म्हणाला आणि फोन कानाला लावून मागच्या बाल्कनीत गेला.

हॉलमध्ये गाणं संपलं. टाळ्या झाल्या, आणि कुणीतरी वन्स मोअर म्हणून ओरडलं.