माझ्या जन्माला अडकलेलं पिस्तूल

सर्बियाच्या शेजारी, आमच्या निक्शिच भागात मुलगा झाला की बाप अंगणात येऊन पिस्तुलाच्या गोळ्या झाडतो. डोंगरापलीकडच्यांनाही कळतं, घराला वारस आला. मुलगी झाली की अंगण गप्प. माझ्या वेळीही ते गप्पच होतं, पण माझ्या बापाकडे, मिलिसावकडे, त्याला कारण होतं: पिस्तूल अडकलं. लहानपणी मी खोदून खोदून विचारायचे आणि तो तोंड वाकडं करून सांगायचा, "काय करणार, मुला, ऐन वेळी दगा दिला." आमच्याकडे बाप लाडात आला की लेकीलाही मुला म्हणतो. शाळेत मी ऐटीत सांगायचे, तुमच्या बापांनी हातसुद्धा हलवला नाही, माझ्याने निदान चाप तरी ओढला!

या वसंतात डॉक्टरांनी बापाची नजर नापास केली. परवाना माझ्या नावावर करायचा होता, आणि मी साफ सांगितलं, घरातल्या दोन पिस्तुलांपैकी एकच राहील, दुसरं पोलिसांत जमा. बापाचं होतं सर्बियात बनलेलं, जुन्या रशियन घडणीचं. हलवलं तर खुळखुळायचं. आईच्या वडिलांचं होतं बेल्जियन, निळसर झळाळीचं, हातात असं बसायचं की खाली ठेववत नसे. त्याच्या किमतीत बापाच्यासारखी चार आली असती. मी सीमेवरच्या जकात नाक्यावर नोकरी करते, बॅग उघडल्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. म्हटलं, दोन्ही चालवून बघू. खरं तर बापाचं पिस्तूल अडकतं कसं, तेच मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

नेमबाजीच्या मैदानावर माझा धर्मपिता गाव्रोही आला. त्याने लष्करात जन्मभर शस्त्रं दुरुस्त केली. बाप बाकावर काठी धरून बसला.

आधी बेल्जियन. भोकं अगदी जवळजवळ पडली, पण मध्येच गोळी वाकडी होऊन अडकली. गाव्रोने ती काढली, मी पुन्हा चाप ओढला, पुन्हा तेच.

"देखणी सून," गाव्रो म्हणाला. "चहा मागितला की डोकं दुखतं."

बाकावरून बाप खो खो हसला.

मग बापाचं. कागदावर भोकं कुठेही पडत होती, पण पिस्तूल अडकत नव्हतं. मी पुन्हा भरलं. अडकलं नाही. गाव्रोलाही चेव चढला. त्याने डाग पडलेल्या जुनाट गोळ्या भरल्या, मग पिस्तूल धुळीत लोळवून झाडलं. धडाधड सगळ्या सुटल्या.

"झालं तर! माझंच ठेवायचं," बाप म्हणाला.

"कसं ठेवायचं? ऐन वेळी दगा देतं ना ते?"

गाव्रो एकदम खाली वाकून गवतातली रिकामी काडतुसं वेचायला लागला.

"तेव्हाची गोष्ट वेगळी," बाप म्हणाला.

"वेगळी कशी? नंतर दुरुस्त केलंत का हो, गाव्रोकाका?"

"मला यात ओढू नकोस, वुका."

"मग सोमवारी पोलिसांत देऊन टाकते. सांगते, भंगार आहे, वेळेला चालत नाही."

बाप ताडकन उभा राहिला. काठी खाली पडली.

"भंगार कोणाला म्हणतेस? उभ्या जन्मात ते एकदाही अडकलं नाही! मीच झाडलं नाही. अंगणात सगळे भाऊबंद जमले होते. दाईने आतून सांगितलं, मुलगी. सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि मी पिस्तूल कमरेला खोचलं. त्याला नावं ठेवू नकोस. त्याचा काही दोष नाही."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग. मी विचारून विचारून थकले तेव्हा हा माणूस खरं बोलला नाही. आज पिस्तुलाच्या अब्रूवर आलं, तर तोंड उघडलं. मी आजोबांचं पिस्तूल उचललं आणि कापडात गुंडाळायला लागले.

"अगं, हे काय?" गाव्रो म्हणाला. "ते तर अडकतं!"

"अडकू दे," मी म्हणाले. "निदान ते खरंच अडकतं."