चारशे तेराला तीननं भाग जात न्हाय

पहिल्यांदा हे सांगते की मी सही केली न्हाय. आमच्या तेर गावात कुणी काहीही उठवू दे. बशीर मिस्त्रीच्या शाहिस्तानं सरकारी दप्तर गायब केलं, कंपनीनं धरलं, मग तिनं साहेबाचे पाय धरले, हे सगळं माझ्या कानावर आलंय. पाय धरायची आमच्या घरात पद्धत न्हाय.

माझं काम आधी समजून घ्या. धाराशिवच्या रेकॉर्ड रूममध्ये गावोगावचे जमिनीचे जुने कागद आहेत, निजामाच्या काळापासूनचे. ते लाल कापडात बांधून ठेवतात, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. तिथला एक नियम आहे, शंभर वर्षांचा असंल: गावाचं दप्तर एका जागी. एका गावाचा कागद दुसऱ्यात मिसळायचा न्हाय आणि एका गावाचे दोन तुकडे करायचे न्हायत. ठेकेदार कंपनीनं आम्हा पोरींना स्कॅन करायला बसवलं तेव्हा तोच नियम कंप्युटरलाही लावला. गाव एक, फाईल एक.

म्हणून आमी रोज काय करायचो? दिवसभरात दोनशे पानं स्कॅन करायची. एका पानाच्या तीन फाईली: पुढची बाजू, मागची बाजू, आणि गट नंबर, साल लिहिलेली छोटी टीप. संध्याकाळी पाचला गावाचं पोतं, म्हणजे ती दाबून बांधलेली एकच मोठी फाईल, उघडायचं, आजचा माल आत ओतायचा, तोंड शिवायचं. दुसऱ्या दिवशी परत तेच पोतं. हे दाबून बसवायचं काम एक लायब्ररी करते. पुस्तकांची न्हवं. कुणीतरी लिहून ठेवलेला कोड असतो, तो आपल्या प्रोग्रामला जोडायचा. ही लायब्ररी फुकट आहे आणि उघडी आहे, कुणीही वाचावी, कुणीही दुरुस्त करावी. तिला सांभाळणारा योहान नावाचा माणूस तिकडं फिनलंडात राहतो.

गुरुवारी तेरचं शेवटचं पान संपलं. शुक्रवारी सकाळी अमरसिंह सरांनी, म्हणजे आमच्या सुपरवायझरनं, मला टेबलाशी बोलावलं.

"तेरची पानं किती झाली?"

"एकवीस हजार नऊशे त्र्याऐंशी. फाईली पासष्ट हजार नऊशे एकोणपन्नास."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडं फिरवला. आत फाईली होत्या चारशे तेरा. साडेपाच महिन्यांचं काम होतं ते.

सरांनी एक टाईप केलेला कागद पुढं सरकवला. 'माझ्याकडून नजरचुकीने फाईली काढल्या गेल्या.' खाली माझं नाव छापलेलं, सहीपुरती जागा रिकामी.

"सोमवारी तपासणीला मॅडम येणार आहेत. त्याच्या आत सही पाहिजे. न्हायतर सरकारी दप्तर गायब केल्याची तक्रार पोलिसात द्यावी लागंल. माकणीचं दप्तर करणाऱ्या सोनालीचं असंच झालं होतं. तिनं गुमान लिहून दिलं, मिटलं."

"मिटलं म्हंजी? तिची नोकरी गेली की."

"केस तर झाली न्हाय."

"सर, फाईलचं वजन बघा. अकरा जीबी आहे. चारशे तेरा फाईलींचं वजन सत्तर एमबीच्या वर जात न्हाय. माल आतच आहे."

"आत काय कचरा भरलाय कुणास ठाऊक. कंपनीच्या कंप्युटरवाल्याला विचारलंय मी. ही लायब्ररी जगभर वापरतात. सगळं जग चूक आणि तू एकटी बरोबर?"

"असंल की," मी म्हणले. "त्यात काय?"

सरांना ते लई लागलं. लागू दे. मी फाईलची कॉपी हार्ड डिस्कवर घेतली, हजर असलेल्या दोघा कारकुनांना दाखवून घेतली, कागद तिथंच टेबलावर ठेवला आणि तेरची बस धरली.

घरी अब्बा मोटारीला तार भरत बसले होते. जळालेल्या मोटारी भरून द्यायचा त्यांचा धंदा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ वेढे मोजत राहिले.

"बेटा, कागदावर सही केल्यानं माणूस मरत न्हाय," ते म्हणाले. "पोलीस दारात आले की मरतंय."

अम्मी आतून ओरडली, "नहीं करी तो नहीं करी बोल! जिनं केलं न्हाय तिनं का लिहावं? उद्या गल्लीत कुणाची कोंबडी हरवली तरी हिचंच नाव घेतील."

अब्बा घाबरलेले होते, अम्मी भडकलेली होती, आणि मी दोन्ही होते. जेवण काही गेलं न्हाय.

शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन तो आकडा कागदावर लिहिला. चारशे तेरा. नुसतं बघत बसले. मग म्हणलं, एका पानाच्या तीन फाईली, तर किती पानं उरली ते तरी काढू. भागाकार केला. एकशे सदतीस पानं, आणि वर दोन फाईली.

मी कप खाली ठेवला. चारशे तेराला तीननं भागच जात न्हाय! अहो, माणसानं चोरून पानं काढली असती तर तीन-तीन करून काढली असती. आमचा प्रोग्राम पान काढतो ते तिन्ही फाईलींसकट, एक फाईल सुटी काढताच येत न्हाय. हे माणसाच्या हातचं काम न्हवतंच. हे यंत्रानं कापलं होतं, आणि यंत्राला आमचं पान कुठं संपतं ते ठाऊक नसतं.

मग एकूण आकड्यातून चारशे तेरा वजा केले. पासष्ट हजार पाचशे छत्तीस. माझ्यासारखं बीएस्सीला कंप्युटर शिकलेलं पोरगं झोपेतही हा आकडा ओळखंल. अशा दाबलेल्या फाईलच्या शेवटी आतल्या मालाची यादी असते, आणि यादीखाली एकूण किती ते लिहायला एक छोटा खण असतो. त्यात पासष्ट हजार पाचशे पस्तीसच्या वर मावत न्हाय. पुढं गेलं की जुन्या स्कूटरच्या मीटरसारखं परत शून्यापासून सुरू. म्हणून मोठा आकडा लिहायला शेजारी दुसरा, मोठा खण दिलेला असतो. कुणीतरी तो भरायला विसरलं होतं.

सोनालीला फोन लावला. आमी दोघी एकाच दिवशी कामाला लागलो होतो. मला तेरच्या आधी लहान गावं दिली, तिला पहिल्यापासून माकणीचं दप्तर; धरणात जमिनी गेल्यानं माकणीचे कागदही ढीगभर.

"तुझ्या फाईलीत शेवटी किती दिसत होत्या गं?"

"चारशे चौसष्ट," ती लगेच म्हणाली. तीन महिने झाले तरी तिला पाठ होतं.

"आणि टाकल्या किती होत्यास?"

"बरोबर सहासष्ट हजार."

मी वजाबाकी केली. तोच आकडा. मी काही बोलायच्या आत तीच बोलायला लागली. "म्याच सकाळी फाईल उघडली, म्याच सरांना जाऊन सांगितलं. आदल्या दिवशी म्या काहीतरी भलतंच दाबलं असंल."

"काय दाबलंस?"

"आठवत न्हाय. पर दाबलंच असंल ना? न्हायतर पानं कुठं जातील? लिहून दिलं आणि आले. आता म्या कंप्युटरला हात लावत न्हाय, शाहिस्ता. भ्या वाटतं."

तिला तेव्हाच सांगावंसं लई वाटलं. पण अजून हातात पुरावा न्हवता, आणि खोटी आशा लावून परत तिला पाडायचं पाप मला नको होतं. म्हणलं, सोमवारी फोन जवळ ठेव.

मग लायब्ररीच्या पानावर योहानसाठी तक्रार लिहिली. इंग्रजी माझं मोडकंतोडकं, पण आकडे सरळ होते. तासाभरात उत्तर आलं. त्यानं एका झटक्यात सत्तर हजार फाईली बांधून बघितल्या, सगळ्या नीट दिसतात. 'माझ्याकडे असे होत नाही. आपण चुकीच्या पद्धतीने वापरत असाल.' आणि तक्रार बंद.

बंद! माझ्या नावावर केस व्हायची पाळी आली आणि हा बाबा दार लावून मोकळा. रागानं माझे कान तापले. पण रागातच एक गोष्ट डोक्यात शिरली. तो एका झटक्यात बांधतो. आमी एका झटक्यात बांधत न्हाय. आमी रोज पोतं उघडतो.

मग मी घरच्या लॅपटॉपवर तसंच करून बघितलं. रिकाम्या पासष्ट हजार फाईली केल्या आणि बांधल्या. मग तेच पोतं उघडून आणखी सहाशे टाकल्या. उघडून बघते तर आत दिसतायत चौसष्ट! मी अशी ओरडले की अम्मी लाटणं घेऊन बाहेर आली.

तक्रार परत उघडली आणि लिहिलं: 'तुमच्याच माहितीपानावर लिहिलंय की जुन्या फाईलमध्ये भर घालता येते. आमी वाचलं आणि तसंच केलं. एका गावाचं दप्तर एका जागी ठेवायचं, ही आमची पद्धत तुमच्या कोडपेक्षा जुनी आहे. ही परीक्षा तुमी स्वतः चालवा. चालवल्याशिवाय दार लावायचं न्हाय.'

त्या दिवशी उत्तर आलं न्हाय. मी वाट बघत बसले न्हाय. कोड उघडाच होता, मी वाचायला घेतला. रविवारी दुपारच्या अजानपर्यंत जागा सापडली. नवं पोतं बांधायचं काम एका ठिकाणी लिहिलेलं, तिथं मोठा खण बरोबर भरत होता. जुन्यात भर घालायचं काम दुसऱ्या ठिकाणी, तिथं मोठ्या खणाचं नावच न्हाय. सात ओळी वाढवल्या. आधीच बिघडलेल्या फाईलींसाठी आणखी एक सोय केली, की खणातल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा न्हाय, यादी वरपासून खालपर्यंत स्वतः मोजायची.

तेवढ्यात योहानचं आलं. 'मी चालवून पाहिले. तुमचे बरोबर आहे. न तपासता बंद केले, माफ करा. रोज थोडी थोडी भर कोणी घालत असेल असा विचारच मी केला नव्हता.' मी माझ्या ओळी पाठवल्या. त्यानं दोन ठिकाणी सुधारून संध्याकाळच्या आत घेतल्या. माणूस तसा वाईट न्हवता. पण आधी दार लावलं ते लावलंच.

सोमवारी अब्बा म्हणाले, मी पण येतो. इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि रेकॉर्ड रूमच्या बाहेर बाकावर बसले.

तपासणीच्या मॅडमचं नाव रुद्रम्मा, उमरग्याकडच्या, रिटायरमेंटला आलेल्या. अमरसिंह सरांनी त्यांच्यापुढं तो कागद ठेवला. "मॅडम, मुलीनं चूक कबूल केली आहे. सही तेवढी राहिली."

"कबूल केली न्हाय," मी म्हणले. "सही राहिली न्हाय, मी करत न्हाय. पाच मिनिटं द्या."

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "दिली."

दुरुस्त केलेली लायब्ररी जोडून तेरची फाईल उघडली. पट्टी सरकायला लागली. पासष्ट हजार नऊशे एकोणपन्नास. पान न पान जाग्यावर.

मॅडम काही एवढ्यावर मानणाऱ्या न्हवत्या. त्यांनी फळीवरून तेरचा एक रुमाल सोडायला लावला, मधूनच एक कागद उपसला, गट नंबर वाचला. मी तो स्क्रीनवर काढला. त्यांनी कागद आणि स्क्रीन शेजारी धरून बघितले, शाईचा डागसुद्धा. असे सात कागद झाले, सातही जुळले.

"चला," अमरसिंह सर हात झटकत म्हणाले, "सॉफ्टवेअरचा दोष निघाला. बरं झालं, मिटलं."

"मिटलं न्हाय," मी म्हणले. "माकणीची फाईल काढा."

"तो विषय तीन महिन्यांपूर्वीच बंद झालाय, शाहिस्ता."

"तुमी बंद केला म्हणून होत न्हाय. तिची फाईल कपाटात पुरावा म्हणून ठेवलीय ना? मग काढा पुरावा."

सरांनी मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, "काढा."

सहासष्ट हजार. एकही कमी न्हाय. मी सोनालीला फोन लावला आणि स्पीकर मोठा केला. ती शेतातच होती, मागं वारा ऐकू येत होता.

"सोनाली, तुझी सगळी पानं आहेत. आत्ता इथं, सगळ्यांसमोर मोजली. दोष लायब्ररीचा होता."

तिनं बारीक आवाजात विचारलं, "म्हंजी म्या काय दाबलं न्हवतं?"

"काय बी दाबलं न्हवतंस."

ती रडायला लागली. तोंड दाबून रडत होती, तरी सगळ्यांना ऐकू येत होतं. रडतारडता म्हणाली, "सर म्हणले व्हते, आठव, तूच काय तरी केलं असशील. म्या आठवून आठवून येडी झाले गं."

अमरसिंह सर खिडकीकडं बघत होते. मी उठले, त्यांच्यासमोर गेले आणि फोन त्यांच्या तोंडापुढं धरला.

"सांगा तिला," मी म्हणले. "तुमच्या तोंडानं सांगा."

त्यांनी घसा खाकरला, मॅडमकडं बघितलं, दाराकडं बघितलं. दारात अब्बा येऊन उभे होते. मी हात खाली घेतला न्हाय.