छातीवरचं फुलपात्र

इंदूरच्या विजय नगरातल्या, सातव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी एकच खटला चालायचा. आरोपी होता सहा वर्षांचा यशवर्धन. आरोप असा की पाठ दुखत नसताना तो दुखते म्हणतो. न्यायाधीश त्याचे आजोबा उदयसिंह, आणि ते दात घासायच्या आधीच निकाल देऊन मोकळे व्हायचे.

“बहाणा आहे. शाळेची बस दिसली की याची पाठ दुखते, आणि बस गेली की बरी होते.”

यशची आई सोनल मात्र त्याच्याकडे बघत राहायची. पलंगाची कड धरून, एक एक पाय खाली सोडत, हे पोर एखाद्या पेन्शनरासारखं उठायचं. आंघोळ झाली, जरा हिंडलं-फिरलं की पाठ मोकळी व्हायची. संध्याकाळी तेच सोफ्यावरून अशा उड्या मारायचं की खालच्या मजल्यावरचे लोक छताकडे बघत जेवायचे.

तिचा नवरा संजीव हसून म्हणायचा, “अगं, पक्का इंदौरी आहे तो. टेन्शन मत ले.”

सोनलने तरी टेन्शन घेतलं. दप्तर अर्धं रिकामं केलं, मोबाइल काढून घेतला, गादी बदलली, उशी काढून टाकली. सासूबाईंनी, म्हणजे द्वारकाबाईंनी, खजराण्याच्या गणपतीला लाडू बोलले. गणपतीने ते ऐकलं असेलही, पण पाठीने काही ऐकलं नाही.

आता या घराण्याबद्दल थोडं सांगायला हवं. उदयसिंहांचे पणजोबा रघुवीरराव होळकरांच्या घोडदळात होते. त्यांचा घोडा एवढा लांब, की तो खान नदीच्या या काठाला पाणी प्यायचा तेव्हा शेपटीने पलीकडच्या काठावरच्या माशा हाकायचा. स्वतः रघुवीरराव उघड्या जमिनीवर उताणे झोपायचे आणि झोपताना छातीवर पाण्याने काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवायचे. सकाळी उठून तेच पाणी प्यायचे. थेंब सांडलेला नसायचा. ही गोष्ट उदयसिंह यशला रोज सांगत, आणि दर वेळी पाणी थोडं थोडं वाढत जाई. हल्ली हल्ली तर त्यात बर्फसुद्धा असायचा.

रघुवीररावांची तलवार हॉलमध्ये टीव्हीच्या वर टांगलेली होती. दसऱ्याला शस्त्रपूजा व्हायची, आणि घरातल्या मुलाला सहा वर्षं पूर्ण झाली की त्या दसऱ्याला तलवार पहिल्यांदा त्याच्या हातात द्यायची, अशी रीत होती. यंदा पाळी यशची होती. वर्षभर तो टीव्हीपेक्षा तलवारच जास्त बघत आला होता.

नवरात्र बसलं त्या सकाळी तो पुन्हा म्हणाला, “आई, पाठ.”

उदयसिंहांनी पेपर खाली ठेवला. “ऐक बेटा. पाठ दुखते म्हणणाऱ्याच्या हाती या घरात तलवार देत नाहीत.”

दुसऱ्या दिवसापासून यशची पाठ दुखायची थांबली. निदान तो तरी तसं सांगू लागला. घरात सगळे खूश झाले. उदयसिंहांनी सगळ्यांसाठी पोहे-जलेबी मागवली आणि म्हणाले, “बघा, एका वाक्यात बरा केला.”

सोनलने जलेबी तशीच बाजूला ठेवली. पोरगं आताही पलंगाची कड धरूनच उठत होतं. फरक एवढाच, की आता ओठ घट्ट मिटलेले होते.

तिने ऑफिसातून सुट्टी घेतली.

“कुठे निघालीस?” उदयसिंहांनी विचारलं.

“डॉक्टरकडे. याची पाठ दाखवायला.”

“आमच्या घराण्यात आजवर कुणी पाठ दाखवली नाही, सूनबाई.”

“रणात नका दाखवू, बाबा,” सोनल चपला घालत म्हणाली. “दवाखान्यात दाखवू द्या.”

संजीव चहाच्या कपात बघत राहिला. या घरात असं उत्तर कुणी दिलेलं त्याने ऐकलं नव्हतं.

मुलांच्या डॉक्टर वसुधाताईंनी यशला नीट तपासलं, वाकवलं, चालवलं, रक्त तपासायला लावलं. सगळे रिपोर्ट आल्यावर त्यांनी सोनलला समोर बसवलं.

“ताप नाही, सूज नाही, रिपोर्ट छान आहेत. पण या वयाच्या मुलाची पाठ उगीच दुखत नसते. बहाणा म्हणून सोडलं नाहीस, ते बरं केलंस. सकाळी आखडते आणि दिवसा सुटते, म्हणजे जे काही होतंय ते झोपेत. तो झोपतो कसा, ते बघ.”

“पण आता तो दुखतच नाही म्हणतो, ताई.”

“तेच मला आवडलेलं नाही,” वसुधाताई म्हणाल्या. “दुखणं मी शोधू शकते. पोराने लपवलेलं दुखणं कुठल्या मशीनमध्ये दिसेल, तूच सांग.”

दुसऱ्या दिवशी गजर व्हायच्या आधीच सोनल यशच्या खोलीत गेली. उजाडत होतं. पोरगं उताणं पडलेलं, हात बाजूला ताठ, मुठी आवळलेल्या. झोपलेल्या मुलाचं शरीर कसं गादीवर सांडलेलं असतं. हे मात्र पट्टीने आखल्यासारखं होतं.

तिने त्याच्या छातीवर हात ठेवला, तर सदरा ओलाचिंब.

दारात उदयसिंह येऊन उभे होते. “वा. आता अंथरूणही ओलं करायला लागले का युवराज?”

यशने डोळे उघडले आणि आजोबांना बघून पुन्हा मिटून घेतले.

सोनलने चाचपून पाहिलं. विजार कोरडी होती, खालची चादरही कोरडी. ओला होता तो फक्त सदरा, तोही छातीवर. ती वाकली, पलंगाखाली हात घातला आणि देवघरातलं छोटं चांदीचं फुलपात्र बाहेर काढलं. द्वारकाबाई घटस्थापनेच्या आधीपासून ते शोधत होत्या.

“यश, हे काय?”

यशने आधी आजोबांकडे पाहिलं, मग आईकडे. “मी हलत नाही, आई. खरंच नाही हलत. पण झोप लागली की सांडतं. मग उठून परत भरून ठेवतो.” आणि घाईघाईने म्हणाला, “काल अर्धंच सांडलं. दसऱ्यापर्यंत जमेल मला.”

सोनल त्याच्याशेजारी पलंगावर बसली. दप्तरात शोधलं, गादीत शोधलं, उशीत शोधलं, आणि कारण निघालं गोष्टीत! एवढंसं पोर रात्र रात्र अंग आवळून पडत होतं. कशासाठी, तर आजोबांनी त्याला कच्चा म्हणू नये म्हणून.

ती फुलपात्र हातात घेऊन उठली.

“बाबा, आजपासून या घरात दुखतं म्हणायला कुणाची परवानगी लागणार नाही. दसऱ्याला तलवार यशच्या हातात येईल, आणि दुखलं की दुखलं असं सांगणाऱ्या यशच्याच हातात येईल. नसेल द्यायची तर तशीच टांगून ठेवा. पोराची पाठ मोडून मला तलवार नको.”

“सोनल, जाने दे ना,” संजीव मागून म्हणाला.

“नाही जाने देणार.”

“मग शिकव त्याला रडायला,” उदयसिंह गुरगुरले.

“ते शिकवावं लागत नाही, बाबा. पोर जन्मल्या जन्मल्या करतं ते. तुम्ही विसरायला शिकवताय.”

एवढ्यात द्वारकाबाई आल्या. सुनेच्या हातातलं फुलपात्र घेऊन त्यांनी पदराने पुसलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

“अहो, जरा मागे वळा.”

“कशाला?”

“वळा म्हणते ना.”

ते वळले नाहीत, म्हणून त्याच गोल फिरून मागे गेल्या आणि त्यांनी कुर्ता वर केला. आत कमरेला रुंद काळा पट्टा आवळलेला होता.

“बघ रे यश. हा काही होळकरांच्या फौजेतला नाही. चौकातल्या मेडिकलवाल्याकडचा आहे. पाठ दुखते म्हणून बांधतात, आणि कुणाला कळू नये म्हणून बाथरूममध्ये नळ सोडून काढतात. मोकळा करताना चर्र वाजतो ना.” त्यांनी कुर्ता खाली केला. “आणि तुमचे ते रघुवीरराव. माझ्या सासूबाई सांगायच्या, म्हातारपणी ते जमिनीवर पालथे पडून नातवंडांना पाठीवर चालायला लावायचे, आणि ‘अरे हळू, मेलो’ म्हणून ओरडायचे. घोड्याची शेपूट बरी लक्षात राहिली तुमच्या. हे कसं राहिलं नाही?”

त्या दिवशी उदयसिंहांचे पोहे तसेच गार झाले, आणि इंदूरच्या माणसाने पोहे गार होऊ दिले म्हणजे आत मोठी उलथापालथ चालली आहे, एवढं ओळखावं.

यश त्या रात्रीपासून आडवातिडवा झोपू लागला. दसरा येईतो सकाळी पलंगाची कड धरायचं तो विसरून गेला होता.

दसऱ्याला काका-मामा सगळे जमले. पूजा झाली. उदयसिंहांनी झेंडू वाहिलेली तलवार उचलली. यश नवा झब्बा घालून समोर उभा होता, आणि त्याच्या मागे सोनल, हाताची घडी घालून. तलवार पुन्हा खुंटीवर गेली तर मुलाला घेऊन सरळ उठून जायचं, असं तिने ठरवूनच ठेवलं होतं.

उदयसिंह खाकरले. “एक सांगायचंय. माझी पाठ दुखते. रोज सकाळी.”

“काकासाहेब, आज सणाच्या दिवशी?” कुणीतरी कुजबुजलं.

“आजच. उद्या हिंमत होणार नाही.”

“मग आबा,” यशने काळजीने विचारलं, “तुम्हाला पण नाही मिळणार का तलवार?”

हॉलमध्ये हशा उसळला. हसले नाहीत फक्त उदयसिंह. ते गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, चक्क सगळ्यांना ऐकू जाईल असं कण्हत, नातवासमोर खाली बसले.

“तो नियम खोटा होता, बेटा. माझाच होता. घे.”

यशने दोन्ही हातांनी मूठ धरली. त्याचा चेहरा लाल झाला, मनगटं थरथरली. तो आजोबांच्या डोळ्यांत बघत राहिला. मग हळूच, पण स्पष्ट म्हणाला, “आबा, जड आहे. हात दुखतायत.”

“शाब्बास,” उदयसिंह म्हणाले, आणि खालून हात लावून त्यांनी भार आपल्याकडे घेतला.

तर मंडळी, घराण्याच्या गोष्टी जरूर सांगा. घोडा हवा तेवढा लांब करा, पाण्यात बर्फ घाला, कुणाचं काही जात नाही. पण मूल दुखतं म्हणालं की गोष्ट तिथेच थांबवा आणि आधी त्याचं ऐका. सोसून गप्प बसणं म्हणजे शौर्य, हे फुलपात्र आपणच पोरांच्या छातीवर ठेवलं आहे. ते आपणच उचलायला हवं.